माहेरच्या नावाची शिष्यवृत्ती

फोनवर एक माणूस माझ्या बायकोबद्दल बोलत होता आणि पहिलं मिनिटभर मला ते कळलंच नाही. तो एका मुलीचं नाव घेत होता, कॉलेजातल्या एकांकिकांबद्दल सांगत होता, "आमच्या ग्रुपचा जीव होती ती" असं काहीबाही म्हणत होता. मी ठाण्याला ऑफिसात होतो, समोर विम्याच्या दाव्याची फाइल उघडी होती. राँग नंबर म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्याने डोंबिवलीतल्या त्या शाळेचा उल्लेख केला, जिथे माझ्या बायकोने वीसेक वर्षं गणित शिकवलं. मग मी खुर्चीत सरळ बसलो.

तो तिचं माहेरचं नाव घेत होता. आडनावच नाही, पाळण्यातलं नावसुद्धा.

लग्नात, आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे, ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीने मी बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. जुन्या नावात काही वाईट नव्हतं. आमच्या घरात त्या नावाची दुसरी कुणी नव्हती, तेव्हा तशीही अडचण नव्हती. बदलतात म्हणून बदललं. नाव आठवडाभर आधी मनात ठरवून ठेवलं होतं आणि तिला विचारलं नव्हतं, कारण ते गुपित ठेवायचं असतं अशी माझी समजूत होती. ती वाकून तांदूळ वाचायला लागली आणि म्हणाली, "बरं आहे. पण हाक मारलीत की वळायला थोडा वेळ लागेल हं मला." सगळे हसले. मीही हसलो. पुढे वर्षभर तिला खरंच वेळ लागायचा. दोनदोनदा हाक मारावी लागे, आणि मी त्यावर चिडायचो.

ती जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मी म्हटलं, "हो, मी तिचा नवरा बोलतोय."

"अरे वा, भावोजी!" तो म्हणाला. आयुष्यात आम्ही एकदाच भेटलो होतो, तेही पंचवीस वर्षांपूर्वी. पण तो थेट भावोजी म्हणाला. भावोजी म्हणणारा माणूस नात्यातलाच होऊन बसतो, त्याच्यावर रागवायची सोय उरत नाही.

त्याचं गोदाम माजिवड्याच्या पुलापासून जवळच होतं. नाटकांना, लग्नांना, गरब्याला लाइट भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. भिंतभर फळ्यांवर दिवे ओळीने मांडलेले, जमिनीवर वायरींची वेटोळी. तो जाडजूड झाला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने चहा मागवला आणि सरळ मुद्द्यावर आला. विद्यापीठाच्या नाट्यविभागात प्रकाशयोजना शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा शेवटच्या वर्षाचा सगळा खर्च दरवर्षी निघेल, अशी कायमची देणगी त्याला द्यायची होती. मोठा वाटा त्याचा, थोडा कॉलेजातल्या जुन्या मंडळींचा. स्मृती माझ्या बायकोची.

"अभिनयाला, दिग्दर्शनाला सगळे देतात हो भावोजी. लाइटवाल्याचं नाव कोणी लावत नाही. आणि लाइटवालीचं तर विचारूच नका."

मी म्हटलं, "तिने काय, कॉलेजात केलं असेल थोडंफार."

त्याने कप खाली ठेवला. "थोडंफार? अहो, बाकीचे विचारायचे, उजेड कुठे पाडू? ही विचारायची, काळोख कुठे ठेवू? कल्याणला स्पर्धा होती, ऐन प्रयोगात उजेड कमी-जास्त करायचा आमचा डिमर जळाला. पुढे पहाटेचा प्रवेश. हिने काय केलं माहितीये? विंगेत बसली, हातात टॉर्च, टॉर्चसमोर स्वतःची पिवळी ओढणी. चार पदरी धरली, मग एकेक पदर सोडत गेली. पहाट झाली! परीक्षक नंतर विचारायला आले, हा लाइट कुठला वापरलात म्हणून."

आणि तो हसता हसता डोळे पुसायला लागला.

ती पिवळी ओढणी मला माहीत होती. लग्नानंतर ती आमच्या घरी आली होती. शेवटी तिचं फडकं झालं होतं आणि त्याने मी स्वतः दिवाळीत पंखे पुसले होते. हे मी त्याला सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्या दोघांमध्ये काही होतं असा संशय मला आला नाही, आजही नाही. तसं काही असतं तर बरं झालं असतं असं मात्र त्या दिवशी गोदामातून निघताना वाटलं. नवऱ्याला चिडायला एक ठरलेलं कारण असतं, लोकांना ते समजतं. माझा मत्सर त्या माणसाचा नव्हताच फक्त. टॉर्चसमोर ओढणी धरून बसलेल्या त्या बावीस वर्षांच्या मुलीशी माझी कधी ओळख झाली नव्हती, आणि गावभर सगळ्यांची झाली होती, याचा तो मत्सर होता. माझ्या वाट्याला आलेली बाई संध्याकाळी वह्या तपासायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची. मला वाटायचं, ती तेवढीच आहे.

निघताना त्याने विद्यापीठाचा फॉर्म दिला. दिवंगत व्यक्तीची माहिती आणि जवळच्या नातेवाइकाची संमती. नावाच्या रकान्यात त्याने आधीच तिचं माहेरचं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "हे नाव आता कुठे आहे?"

"आम्हाला ती त्याच नावाने माहिती ना भावोजी. दुसरं नाव लावलं तर जुन्या माणसांना कळायचंही नाही कोण ही."

"बघतो," म्हणून मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

शीळफाट्यावरून डोंबिवलीला येणाऱ्या बसमध्ये मी तिचं लग्नानंतरचं पूर्ण नाव मनात म्हणून पाहिलं. पहिला शब्द मी तांदळात लिहिलेला, दुसरा माझं नाव, तिसरा माझं आडनाव. तीन शब्दांत तिचा असा एकही नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मला तेच नाव हवं होतं.

रात्री जेवताना मुलीला सांगितलं. ती चोविशीची आहे, नोकरी करते, बोलायला आईवर गेली आहे असं लोक म्हणतात. ती एकदम खूश झाली. "बाबा, सही करून टाका ना! विचार कसला करताय?"

"नाव चुकलंय."

"चुकलं कुठे? ते आईचंच नाव आहे."

"आईचं नाव तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे ते."

"तुमच्या आधी आई बावीस वर्षं होती बाबा," ती म्हणाली. "ती काय वेटिंग लिस्टवर होती का तोपर्यंत?"

मी ताटावरून उठलो. माझी ती जुनी पद्धत आहे.

त्या पद्धतीची ओळख करून द्यायची तर बायकोच्या दोन तालमींबद्दल सांगावं लागेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कॉलेजची चार-पाच मंडळी आमच्या डोंबिवलीच्या घरी आली, त्यात हा भावोजीवालाही होता. ठाकुर्लीत कुणाच्या तरी हॉलवर एका नाटकाची तालीम चालू होती, लाइटला तिला बोलवायला आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." किती चांगलं वाक्य! पुढे कित्येक वर्षं मी ते लोकांना सांगत असे, की मी बायकोला कधी कशाला नाही म्हटलं नाही. ती पहिल्या दिवशी तालमीला गेली, तेव्हा मी जेवलो नाही. भूक नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा आल्यावर तिच्याशी बोललो नाही, भांडलोही नाही. पेपर वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी ती साडी न बदलता ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "नाही जमायचं मला, कळवलं मी त्यांना." मी विचारलं, "का गं? जायचं की." ती भाजी चिरत राहिली. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मग शाळेतली नोकरी लागली, आणि नाटक हा विषय घरात संपला. आम्ही दोघं मिळून नाटक बघायलासुद्धा कधी गेलो नाही, हे मला ती गेल्यावर लक्षात आलं.

फॉर्म आठवडाभर कपाटात राहिला. मग एका रविवारी सकाळी एक मुलगी दारात उभी राहिली. नाट्यविभागाची विद्यार्थिनी. पहिली शिष्यवृत्ती तिला द्यायचं विभागाने ठरवलं होतं, आणि गोदामवाल्या सरांनी तिला माझा पत्ता दिला होता. मॅडमची माहिती लिहून न्यायची होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. आई मासळी बाजारात बसते, वडील अजून होडी घेऊन जातात. शिकलेलं नीट बोलायची, आणि मध्येच घरचं बोलणं डोकं वर काढायचं.

"बापूस बोलतो, दिवे लावायला कॉलेजात कशाला जायला पायजे? वायरमन हो मग," ती हसत म्हणाली. "आये मात्र बोलते, शिक, पन रातची एकटी येऊ नको."

माझ्या मुलीने तिला पोहे दिले. दोघींचं लगेच जमलं. मला ते आवडलं नाही.

तिने वही काढली. "काका, मॅडम आधी नाटक वाचायच्या का तालीम बघायच्या?"

"माहीत नाही."

"रंगीत कागद स्वतः रंगवायच्या का? सर बोलले होते."

"असेल."

"घरी कधी काय करून दाखवलं का त्यांनी? दिवाळीला, गणपतीला?"

मी आठवून पाहिलं. गणपतीत मखराची रोषणाई दरवर्षी मीच करायचो. बाजारातून झगमगणारी माळ आणून गुंडाळायचो. ती बाजूला उभी राहून बघायची. एकदाच म्हणाली होती, मूर्तीच्या मागून एकच दिवा ठेवून बघू या का. मी म्हटलं होतं, अंधार वाटेल.

हे त्या मुलीला सांगता आलं असतं. तिच्या वहीत लिहिण्यासारखं तेवढंच माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "लग्नानंतर ती शिक्षिका होती. गणित शिकवायची. तेच लिहा."

त्या मुलीने ते लिहून घेतलं आणि वही मिटली. "फी भरायची तारीख जवळ आली काका," ती उठताना म्हणाली. "विभागातल्या बाई बोलल्या, तुमची संमती आली की लगेच होईल. घरी मी सांगून टाकलंय की यंदाचं बघायला नको. तेव्हा जरा..."

"हो हो, आजच पाठवतो," मी म्हटलं.

खिडकीतून मी तिला रस्त्यापर्यंत जाताना पाहिलं. खांद्यावर कापडी पिशवी, चाल भरभर. हिला विभागातल्या शिष्यवृत्तीच्या पाटीवर माझ्या बायकोच्या नावाशेजारी जागा मिळणार. लोक या दोघींची नावं एका दमात घेणार. आणि मी कुठे असणार? संमतीच्या रकान्यात, खाली, बारीक अक्षरात.

मग मी जे केलं ते मी आयुष्यभर ऑफिसात करत आलो आहे. आमच्याकडे दावा फेटाळायचा असेल तर कारण द्यावं लागतं, वर उत्तर द्यावं लागतं. पण शंका काढायला काही लागत नाही. नाव जुळत नाही, सही जुळत नाही, अमुक प्रत साक्षांकित नाही, असा एक शेरा मारला की कागद परत जातो, आणि माणूस थकेपर्यंत परत येत नाही. कोणी कुणाला नाही म्हटलेलं नसतं. मी विद्यापीठाच्या कार्यालयाला एक सभ्य पत्र लिहिलं. प्रस्तावातलं दिवंगत व्यक्तीचं नाव मृत्यूच्या दाखल्याशी जुळत नाही. भविष्यात अडचण येऊ नये म्हणून विवाहानंतरच्या नावाने सुधारित प्रस्ताव मागवावा, किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा मागवावा. त्यानंतर माझी संमती देण्यास हरकत नाही. दाखल्याची प्रतही जोडली. पत्र टाकून आलो आणि दुपारी छान झोपलो.

असं पत्र गेल्यावर कोणतंही कार्यालय जे करेल तेच त्यांनी केलं. प्रस्ताव बाजूला ठेवला आणि पुढच्या बैठकीपुढे मांडायचा असा शेरा लिहिला. बैठक फी भरायच्या तारखेनंतर होती.

हे मला दीड महिन्याने कळलं, त्या माणसाच्या फोनवरून. तो वैतागला होता, पण माझ्यावर नाही. "कसले लोक आहेत भावोजी! नावाची काहीतरी शंका काढून बसलेत. त्या पोरीने यंदा प्रवेशच घेतला नाही हो. मी म्हटलं, मी भरतो माझ्याकडून, तर तिचा बाप अडून बसला. शिष्यवृत्ती मिळाली तर मान आहे, परक्या माणसाचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणाला. आता माझ्याकडे येते गोदामात, वायरी गुंडाळते. तुम्हाला ऑफिसच्या कागदांची सवय आहे, तुम्ही जरा लक्ष घालता का?"

म्हणजे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "घालतो."

फोन ठेवल्यावर, त्या मुलीचा यंदाचा प्रवेश हुकला या विचाराने पहिल्या क्षणी मला जे वाटलं, ते लिहायला हात धजत नाही. मला बरं वाटलं. एखाद-दुसरा श्वासच, पण बरं वाटलं. चला, या वर्षी तरी माझ्या बायकोचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाशेजारी लागलं नाही. मग आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वी ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोने "नाही जमायचं मला" म्हटलं होतं, तेव्हाही मला अगदी असंच बरं वाटलं होतं.

दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र मी स्वतः केलं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला, संमतीवर सही केली, आणि प्रस्ताव माहेरच्या नावानेच मंजूर व्हावा असं स्पष्ट लिहिलं. विद्यापीठात स्वतः जाऊन कागद दिले, पोच घेतली. मुलीला म्हटलं, सही केली. ती म्हणाली, "एवढे दिवस?" मी म्हटलं, ऑफिसात काम होतं.

शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी सुरू झाली. ती त्याच मुलीला मिळाली. विभागाने तिची जागा राखली होती. छोटासा कार्यक्रम होता, विभागाच्याच सभागृहात. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. निवेदकाने माझ्या बायकोचं नाव घेतलं, ते जुनं, आणि मागच्या दोन रांगांतली पिकल्या केसांची मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. कोणी शिट्टीसुद्धा वाजवली. माझ्या शेजारी बसलेली माझी मुलगीही टाळ्या वाजवत होती, जणू ती त्यांच्यातलीच. मीही वाजवल्या. पण मला त्यांच्यासारखं उभं राहता येईना. ज्या मुलीसाठी ते उभे होते ती माझ्या ओळखीची नव्हती. मत्सर कमी होईल असं मला सही करताना वाटलं होतं. तो तसूभरही कमी झाला नव्हता.

चहाच्या वेळी मी त्या विद्यार्थिनीला बाजूला बोलावलं. तिच्या एका हातात पाकीट आणि गुलाब होता, आणि दुसऱ्या हातात सामोसा.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "मागच्या वर्षी ती नावाची शंका निघाली ना. ती कार्यालयाने काढलेली नव्हती. मी पत्र पाठवलं होतं. मुद्दाम. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं."

ती मला जाब विचारेल, रडेल, ओरडेल, या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. तिने घास संपवला.

"मना माहीत हाय काका," ती म्हणाली. "विभागातल्या बाईंनी तेव्हाच दाखवलं होतं पत्र. खाली तुमची सही होती."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलनार?"

"सरांना तरी सांगायचंस."

"सर तुमच्याशी भांडले असते. मग तुम्ही सहीच केली नसती." तिने खांदे उडवले. "सही तुमचीच लागनार होती ना."

हे ती रागाने म्हणाली नाही. वर्षभर सवय झालेल्या गोष्टीबद्दल बोलावं, तशी बोलली. मला माफ केलं असंही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं, आणि मला ते मागायचं धाडस झालं नाही. मला फक्त एवढं कळलं की माझ्यापुढे गप्प राहण्यात शहाणपण आहे हे ओळखणारी ती पहिली नव्हती.

"तुमच्या मॅडमबद्दल मला एक आठवतंय," मी म्हटलं. "तेव्हा सांगितलं नव्हतं." आणि मग मी तिला गणपतीच्या मखराचं सांगितलं: मूर्तीच्या मागे एकच दिवा ठेवायचं ती कशी म्हणाली होती, आणि मी काय म्हणालो होतो तेही.

तिने सामोसा बशीत ठेवला, हात पुसले आणि पिशवीतून वही काढली.

"थांबा," ती म्हणाली. "मूर्तीपासून किती मागे बोलल्या होत्या?"

"ते विचारलंच नव्हतं मी."

"बरं," म्हणत तिने तेवढंच लिहून घेतलं.